वाचक विचारतात: आईबाबांसोबत बँकॉक, आणि तेही पायी

प्रश्न: आईला जानेवारीत बँकॉकला नेतेय, आम्ही दोघीच. वय ६६, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो पण रोज पहाटे चालायला जाते. ग्रुप टूर नको म्हणते, "मला गाव फिरून बघायचंय". मैत्रिणी मात्र हसतायत, म्हणे बँकॉक म्हणजे मॉल आणि नाइट लाइफ, काकूंना काय करायचंय तिथं? काय प्लॅन करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मैत्रिणींना हसू दे. जुनं बँकॉक, म्हणजे नदीकाठचा रत्नकोसिन भाग, आपल्या आयांसाठीच बनवलाय असं वाटतं कधीकधी. देवळं, नदी, फुलबाजार, आणि सगळं एकमेकांना लागून.

एकच गोष्ट पक्की करायची, प्लॅन आईच्या गुडघ्यावर नाही, आईच्या घड्याळावर लावायचा. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे, म्हणजे घरी पाचला उठणारी बाई तिथं साडेसहाला आपोआप जागी होणार आणि "चहाचं काय" विचारणार. तुला झोपायचं असेल तरी उठायचं. सकाळचे ते तीन-चार तास तिचे, अकरानंतर ऊन चढलं की हॉटेलवर परत, जेवण, झोप, आणि मग साडेचार-पाचला हवं तर पुन्हा बाहेर. जानेवारीत हवा बरी असते तरी दुपार ती दुपारच. आणि रात्रीचं विमान असेल तर पहिल्या दिवशी काही नाही म्हणजे काहीच नाही, अर्धवट झोपेत गुडघा लवकर रुसतो.

पहिली सकाळ अशी लाव. मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतर (लिफ्ट आहे, जिने टाळता येतात), तिथून वाट फो (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) पाच-सात मिनिटांवर. आठला उघडतं, तेव्हाच आत जा, कारण नंतर टूरच्या बस येतात आणि मग फक्त लोकांच्या पाठी दिसतात. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, पण आईला थांबवतील ते त्याचे तळवे, शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं काढलेली. आणि पाठीमागच्या बाजूला ओळीने १०८ कांस्याची भांडी. थोडे पैसे देऊन वाटीभर सुटी नाणी घ्यायची आणि एकेका भांड्यात एक टाकत पुढं सरकायचं. सगळ्या हॉलमध्ये टण् टण् टण् चालू असतं. जपमाळेवर हात बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही, ती वाटी घेऊन चालायलाच लागते, तू मागून ये फोटो काढत. चपला काढाव्या लागतात म्हणून लेसचे बूट दोघींनीही नको.

याच आवारात थाई मसाजची जुनी शाळा आहे, १९५५ पासूनची. पायाचा मसाज घ्याच. आई म्हणेल परक्या माणसाने माझ्या पायाला हात लावायचा का, आणि मग पाच मिनिटांत डोळे मिटून बसेल.

नंतर समोरच्या था तियन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुणला जा, तिकीट अगदी किरकोळ. तिथल्या मुख्य शिखराच्या पायऱ्या भयंकर उभ्या आहेत, त्या नादी लागू नका. खालूनच जास्त छान दिसतं कारण सगळी नक्षी चिनीमातीच्या तुकड्यांची, जवळ जाऊन बघितलं की बशीचा काठ, वाटीचा तुकडा ओळखू येतो.

दुसऱ्या सकाळी राजवाडा आणि पाचूच्या बुद्धाचं देऊळ. साडेआठला उघडतं, तिकीट ५०० बात (थाई चलन), महाग आहे पण इथं कंजुषी नको. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, त्यामुळं आईला साडीत कुणी अडवणार नाही, शॉर्ट्समध्ये आलीस तर तुलाच अडवतील. उघड्या अंगणात सावली कमी, म्हणून गर्दी बघून थेट भोवतालच्या ओवरीत शिरा. तिथं भिंतीभर रामाकियेन, म्हणजे थाई रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, सोन्याचा मुलामा दिलेली. वर छप्पर आहे, चाल सपाट आहे, आणि गोष्ट आईला तोंडपाठ. फक्त एक तयारी ठेव. इथला हनुमान पांढराशुभ्र आणि भलताच रंगेल आहे. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या मत्स्यकन्येच्या, म्हणजे रावणाच्याच मुलीच्या, प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. आयुष्यभर शनिवारी मारुतीला तेल घातलेल्या बाईला हा धक्काच आहे. पण बहुतेक तीच तुला सांगेल, अगं आपल्याकडे नाही का मकरध्वज, घामाचा थेंब मासळीने गिळला आणि झाला तो. मग ओवरीत उभं राहून तासभर वाद घाला, असं बोलायला गाइड लागत नाही.

एक सावधगिरी. राजवाड्याबाहेर कुणीतरी गोड माणूस भेटेल आणि सांगेल की आज बंद आहे, चला टुकटुकने स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो. शेवट होतो तो खड्यांच्या दुकानात. हसून मान हलवायची आणि स्वतः गेटपर्यंत जाऊन बघायचं.

प्रश्न: बाबा ७२, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. चालायचा दम आहे पण ऐकत नाहीत, "मला कशाला टॅक्सी" म्हणतात आणि पाय सुजवून घेतात. देवळांत रस नाही. आम्ही बँकॉक करतोय, त्यांचं काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: टॅक्सी म्हणू नका, बोट म्हणा. चाओ फ्राया नदीत एक्सप्रेस बोटी धावतात, केशरी झेंड्याची लोकल बोट पकडा, कुठंही उतरा, भाडं एकच. तिच्यात कंडक्टर असते, हातात लांबट धातूची नळी, त्यातच तिकिटाचा रोल आणि सुटे, ती खडखडवत गर्दीतून येते. बाबांना पंच टकटकवायचे दिवस आठवले नाहीत तर सांगा. चढता-उतरताना मात्र हात धरा, ते चिडले तरी, बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि शिट्टी झाली की निघतेच.

बाबा, तुम्ही दमलात का, असं विचारूच नका. मी दमलोय, बसूया, असं म्हणा. बसतात लगेच.

चालायला त्यांना पाक ख्लोंग तलात फुलबाजार द्या, सनाम चाय स्टेशनपासून जवळ आहे आणि दिवसरात्र चालतो. झेंडूच्या राशी, कमळाच्या कळ्यांच्या जुड्या, मोगऱ्यासारख्या बारीक कळ्यांच्या माळा ओवणाऱ्या बायका. भाव काय, पोत्यात किती मावतं, गाडी कुठून आली, असल्या चौकशा करत ते बाजारभर फिरतील, भाषा येत नसली तरी. दुसरा रस्ता म्हणजे बाम्रुंग म्युआंग. दुकानांबाहेर फुटपाथवरच माणसापेक्षा मोठे पितळी बुद्ध पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बसवलेले असतात, डिलिव्हरीची वाट बघत. तिथंच मोठ्या लाल झोक्याची कमान आणि जवळ राजदरबारच्या ब्राह्मणांचं देवस्थान, १७८४ चं. देवळात रस नसला तरी थायलंडमध्ये ब्राह्मण काय करतात हा प्रश्न त्यांना पडेलच.

रस्ता ओलांडताना सांभाळा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे पण झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबेलच असं नाही, आणि फुटपाथवर मोटरसायकली येतात. बाबांना हे नवीन नाही म्हणा.

प्रश्न: आई शुद्ध शाकाहारी आहे, कांदा-लसूणही नाही. थेपले न्यायचे का सगळे दिवसांचे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: थोडे न्या, पहिल्या दिवसाला. नंतर पिवळ्यावर लाल अक्षरात लिहिलेली 'जे' ची खूण शोधा. हे चिनी पद्धतीचं शाकाहारी जेवण, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही चालत नाही. बाकी ठिकाणी नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, कारण फिश सॉस त्यांना मिठासारखा वाटतो, "माय साय नाम प्ला" असं स्पष्ट सांगायचं. फाहुरात भागात भारतीय हॉटेलं आहेत आणि मोठा गुरुद्वारा, तिथं लंगर असतो, पण आमटीत कांदा आहे का ते विचारून घ्या. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात आईला नक्की द्या, डायबेटीस असेल तर दोघींत एक प्लेट.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, टॉयलेटमध्ये बहुतेक ठिकाणी पाण्याचा स्प्रे असतो. हे आईला विमानात बसायच्या आधीच सांगा, निम्मं टेन्शन तिथंच जातं.