स्क्वॉडमधले तिघं म्हणतात रोंडो फालतू, एक म्हणतो भारी. मॅप डाउनलोड करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातला चौघांचा स्क्वॉड, गेम बीजीएमआय (पबजी मोबाइलचं भारतातलं रूप, मॅपवर उतरून शेवटी उरेल तो जिंकतो), तुमचा फोन ६४ जीबीचा आणि त्यात जागा जेमतेम. तिघांना रोंडो हा मॅप नको, एरंगेल हा जुना मॅपच हवा. चौथा रोंडोशिवाय बोलत नाही. नेटवर वाचायला गेलात तर तिथंही हीच भांडणं. शिवाय तुमच्यातले दोघं पीसीवर व्हॅलोरंट (दोन संघांचा नेमबाजीचा गेम) खेळतात आणि तिथल्या नव्या मॅपवरूनही वाद आहेत. पूर्वी मॅपसाठी वेगळे पैसे घ्यायचे, त्या काळाबद्दलही तुम्ही विचारलंय. मत कोणाचं धरायचं?

माझ्या मते, मत कोणाचं आहे यापेक्षा ते कधीचं आहे हे आधी बघा. नवा मॅप आल्यावर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत लोक दोन प्रकारचं बोलतात. एक, फोन तापतो, फ्रेम पडते म्हणजे चित्र अडखळतं, उतरताना गेम अडकतो. दुसरं, मॅपच बेकार, लूट नाही, कव्हर नाही, नुसते कॅम्पर, म्हणजे एका जागी दबा धरून बसणारे. त्या दिवसांत पहिल्या प्रकारचं बोलणं लगेच खरं धरा आणि दुसरं बाजूला ठेवा, कारण रस्ते कोणालाच माहीत नसतात. दोन महिन्यांनी उलट करा. तोवर एक-दोन अपडेट येऊन गेलेले असतात, त्यामुळे फ्रेमची जुनी रड शिळी होते. रचनेबद्दल मात्र आता जे बोलतात ते पन्नास मॅच खेळून बोलत असतात. रोंडो पीसीवरच्या पबजीत डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि मोबाइलवर मार्च २०२५ च्या अपडेटमध्ये. तेव्हाच्या पहिल्या आठवड्यातल्या कमेंटी आज वाचून निर्णय घेण्यात अर्थ नाही. तारीख बघा, मग वाचा.

आता तुमचे तिघं. 'फालतू' हा एक शब्द चार वेगवेगळ्या तक्रारींसाठी वापरला जातो, म्हणून त्यांना 'का फालतू?' असं विचारू नका. विचारा, 'मागच्या तीन वेळा मेलास तेव्हा मारणारा कुठं होता?' उत्तर 'माझा फोनच अटकला' असेल तर तक्रार फोनची आहे. 'सगळे बॉटच होते, मजाच नाही' असेल तर तक्रार लॉबीची. लॉबी, म्हणजे एका मॅचचे खेळाडू, माणसांनी भरत नसली की गेम बॉट (गेमच चालवतो ते खोटे खेळाडू) घालतो, त्यात मॅपचा दोष नाही. 'माहीत नाही, दिसलाच नाही' असेल तर बहुतेक वेळा मॅप ओळखीचा नाही एवढंच. आणि 'वरच्या मजल्यावर, समोरच्या बिल्डिंगमध्ये, तिथं जायला एकच जिना' असं कोणी नेमकं सांगितलं, तरच ती मॅपच्या रचनेवरची टीका. असं सांगणारा माणूस मॅपला शिव्या घालत असला तरी त्याचं ऐका, त्याने मॅप बघितलाय.

'इथं कोणी भेटतच नाही' ही तक्रार हमखास येते. ती आकडेमोडीने तपासता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एरंगेल ८ बाय ८ किलोमीटर, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर, खेळाडू १००. समुद्र धरून एका चौरस किलोमीटरला दीड माणूस. सॅनहॉक ४ बाय ४, खेळाडू तेवढेच, म्हणजे सव्वासहा. लिविक २ बाय २ आणि ५२ खेळाडू, म्हणजे १३. नुसा तर १ बाय १ आणि ३२ जण. ठाणे स्टेशनवरून तलावपाळीपर्यंत चालत जाऊन परत आलात की नुसाची एक बाजू झाली, असं समजा. लिविक खेळायची सवय असलेला माणूस ८ बाय ८ च्या मॅपवर गेला की त्याच्यासाठी गर्दी आठपटीने कमी होते. त्याला मॅप ओसाड वाटणारच, आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे.

पण रोंडोही ८ बाय ८ आहे. एरंगेलएवढाच. म्हणजे एरंगेल आवडणारा माणूस रोंडोला 'मोकळा' म्हणत असेल तर अडचण आकाराची असूच शकत नाही. एरंगेलवर त्याला पोचिंकी, स्कूल, मिलिटरी बेस ठाऊक आहेत. विमान कुठून जातंय ते बघून कोण कुठं उतरेल हे त्याला पाठ आहे. रोंडोवर ती पाठांतरं नाहीत, म्हणून तो रिकाम्या कंपाउंडात लूट करत बसतो आणि मग झोनमागे, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळामागे, पळतो. 'गाडीच मिळत नाही' हेही त्यातलंच. गाडी मिळायच्या ठरावीक जागा असतात, त्या कळेपर्यंत पायी फिरावं लागतं. तुमच्या तिघांचं म्हणणं मला बरंचसं याच खात्यातलं वाटतं.

एरंगेलच्या बाजूने आणखी एक पारडं जड असतं. दर अपडेटला येणारा थीम मोड (ठरावीक काळापुरता खास खेळ) बहुतेक वेळा एरंगेल आणि लिविकवर असतो. नवी खेळणी तिथं, म्हणून गर्दी तिथं, म्हणून मॅच पटकन लागते. इतर मॅपवर रांग लांबली की लोक त्याला मॅपचा दोष समजतात. रात्री आठ ते अकरामध्ये खेळून बघा, दुपारी दोनला नको.

बंदुकीचा प्रश्न वेगळा. एम२४, कार९८, मिनी१४ या लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन डोंगरकड्यावर बसणाऱ्याला मिरामार हा वाळवंटी मॅप आवडतो आणि सॅनहॉकची झाडी सहन होत नाही. यूएमपी किंवा व्हेक्टर या जवळून मारायच्या बंदुका घेऊन घरात घुसणाऱ्याचं नेमकं उलट. रोंडोवर जाडेना सिटीसारखं उंच इमारतींचं शहरही आहे आणि बाहेर मोकळी शेतंही. त्यामुळे एकाच मॅपबद्दल दोघं खरं बोलत असूनही दोन टोकांचं बोलू शकतात. तुमचा 'भारी' म्हणणारा मित्र कुठं उतरतो ते बघा.

आता स्वतः तपासायचं असेल तर सहा मॅच पुरतात. अनरँक्ड क्लासिक लावा म्हणजे रँक जाणार नाही. सहाही वेळा वेगळ्या ठिकाणी उतरा: दोनदा शहरात, दोनदा मधल्या आकाराच्या वस्तीत, दोनदा अगदी कडेला. प्रत्येक मॅच संपली की तीनच गोष्टी लिहा: पहिली गोळी किती लांबून आली, मेलात तेव्हा मारणारा दिसला होता का, आणि पहिली गाडी कुठं मिळाली. अंतर अंदाजाने टाकू नका. मॅप झूम केला की बारीक चौकोन दिसतात, त्यातला एक १०० मीटरचा. मोठा चौकोन एक किलोमीटरचा. दीड बारीक चौकोनापलीकडून सहापैकी चारदा मेलात आणि तुमच्या स्क्वॉडमध्ये स्नायपर कोणीच नसेल, तर मॅप तुमच्या खेळाला जुळत नाही, विषय संपला. मेलात पण मारणारा चारदा दिसला होता, तर खेळत राहा, हाताला वळण पडेल.

पहिल्या मॅचवरून फोनचा अंदाज मात्र बांधू नका. नव्या मॅपवर पहिल्यांदा उतरताना पॅराशूटमध्येच गेम अडकतो, कारण टेक्स्चर आणि शेडर (चित्राचे रंग-पोत आणि प्रकाश) तेव्हाच पहिल्यांदा लोड होतात. दुसऱ्या-तिसऱ्या मॅचपासून बघा. ग्राफिक्स स्मूथ ठेवा आणि फ्रेम रेट एरंगेलवर जो ठेवता तोच. हाय म्हणजे ३०, अल्ट्रा म्हणजे ४०, एक्स्ट्रीम म्हणजे ६०. एका मॅपवर ६० आणि दुसऱ्यावर ४० ठेवून तुलना करणारे बरेच सापडतील. मे महिन्यात पंखा बंद खोलीत, चार्जरला लावून, कव्हर घालून खेळलात तर वीस-पंचवीस मिनिटांत फोन स्वतःचा वेग कमी करणार. ८ बाय ८ च्या मॅपवर मॅच तेवढी लांबते, लिविकवर पंधराएक मिनिटांत आटोपते. म्हणून 'शेवटच्या झोनमध्ये लॅग' ही तक्रार मोठ्या मॅपवरच जास्त ऐकू येते.

लॅग (नेटचा उशीर) आणि फ्रेम ड्रॉप (फोनचं अडखळणं) एक नव्हे, हेही इथंच सांगून टाकतो. ठाणे-नवी मुंबईकरांचं एक सुख म्हणजे सर्व्हर मुंबईत असला की बऱ्या फायबरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सहसा वीस मिलिसेकंदांच्या आत राहतं. मॅप बदलल्याने पिंग बदलत नाही. कोपऱ्यातला पिंगचा आकडा शांत असेल आणि चित्र तुटत असेल, तर राउटरला शिव्या देऊ नका, फोन कमी पडतोय.

डाउनलोड करताना मॅपच्या नावाजवळच्या खुणेवर टॅप करायच्या आधी एमबीतला आकार वाचा आणि फोनमध्ये त्याच्या दुप्पट तरी जागा मोकळी ठेवा. फाइल आधी उतरते आणि मग उलगडते, त्या मधल्या वेळात दोन्हींना जागा लागते. ऐरोली-घणसोलीहून सुटताना संध्याकाळी सहाच्या ट्रान्स-हार्बरमध्ये मोबाइल डेटावर ही हौस करू नका. नेटवर्क सारखं येतं-जातं, गेम मागे टाकला की डाउनलोड थांबू शकतो आणि अर्धवट फाइल राहते. अर्धवट फाइलची लक्षणं ठरलेली: भिंतीला रंग नाही, घरं आरपार दिसतात, किंवा मॅच लागते आणि लोडिंगवरच अडकते. अशा वेळी लॉगिन स्क्रीनवरचं रिपेअर बटण वापरा. अँड्रॉइडच्या सेटिंगमधून कॅश पुसली तर हरकत नाही, 'डेटा' पुसू नका. सगळे मॅप जातात आणि पहिल्यापासून उतरवावे लागतात. गेस्ट अकाउंटवर खेळत असाल तर अकाउंटही गेलं समजा.

व्हॅलोरंटमध्ये डाउनलोडचा प्रश्नच नाही. मॅप अपडेटबरोबर सगळ्यांकडे येतो. तिथला खरा वाद सात मॅपच्या पूलमध्ये (रँकसाठी खेळायच्या मॅपच्या यादीत) कोण असावा यावरून होतो. नवा आला की जुना बाहेर. जून २०२२ मध्ये पर्ल आला तेव्हा स्प्लिट गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये बदल करून परतला. म्हणजे ज्याचा आवडता मॅप गेला तो नव्याला नावं ठेवणारच. तेवढी सूट देऊन वाचा. कधी कधी नवलाईच टीकेचा विषय होते. जून २०२४ मधल्या अबिसला कडेला भिंतच नाही, पाय घसरला की मेलात. पहिल्या आठवड्यात असल्या गोष्टीवर जोक होणारच, पण दोन आठवड्यांत कडा पायाला कळतात.

तिथं मोजायची गोष्ट एकच: हाफचा स्कोअर. एका हाफमध्ये १२ राउंड असतात, त्यात एक संघ हल्ला करतो आणि दुसरा बचाव. तुमचा आणि समोरच्यांचा, दोन्ही संघांनी हल्ल्यात जिंकलेले राउंड लिहीत जा. फक्त स्वतःचे लिहिलेत तर मॅपऐवजी तुमची टीमच मोजली जाते. दहा-पंधरा मॅचमध्ये हल्लेखोर सारखे चार-पाच राउंडवरच अडकत असतील, तर बचावाला झुकलेला मॅप आहे असं म्हणायला आधार मिळतो. कस्टम गेममध्ये चीट्स चालू करून घोस्टने (भिंतीतूनही उडता येण्याची सोय) एकदा मॅपभर उडून या. प्रत्येक साइटला (बॉम्ब लावायच्या जागेला) किती वाटा आहेत आणि कोणत्या अँगलवरून पाठ दिसते हे वीस मिनिटांत समजतं.

मॅपवर पैसे घेण्याचा काळ तुम्ही विचारलाय. २०१० साली कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ चा पहिला मॅप पॅक १५ डॉलरला आला. मॅप पाच, त्यातले क्रॅश आणि ओव्हरग्रोन हे आधीच्या गेममधून आणलेले. लोक भडकले ते किमतीवर आणि जुनाच माल पुन्हा विकण्यावर. त्याहून मोठा तोटा शांतपणे झाला: पॅक घेतलेले एका रांगेत, न घेतलेले दुसऱ्या, आणि मित्रांपैकी एकाने घेतला नाही की सगळे जुन्याच मॅपवर. टायटनफॉल २ ने २०१६ मध्ये मॅप फुकट दिले, २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरनेही तेच केलं. आता ती रांग पैशाने तुटत नाही, फोनमधल्या जागेने तुटते. पुण्याच्या सुपरगेमिंगचा इंडस ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तो विरलोक या एकाच मॅपवर. तिथं ही कटकटच नव्हती.

तेव्हा तुमच्यासाठी: एरंगेल आणि लिविक काढू नका, कारण चौघांकडे तेच आहेत. काराकिन, विकेंडी, नुसा यांपैकी जे महिन्याभरात उघडलं नाही ते काढा आणि त्या जागेत रोंडो घ्या. चौघांनी एकाच रात्री घ्या, नाहीतर ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी बाकीचे लॉबीत बसून राहतील.