विजयदुर्गावरचे साहेबाचे कट्टे

प्रश्न : मुलांना घेऊन विजयदुर्गाला गेलो होतो. तिथे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून सांगितलं, की 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला. मुलाच्या पुस्तकात मात्र गुंटूर आणि जान्सेन असं आहे. खरं काय? – एक वाचक, कणकवली

उत्तर : भौतिकशास्त्र शिकवताना मीही वर्गात बरीच वर्षं विजयदुर्गाचीच गोष्ट सांगत होतो, इतकी ती मला आवडायची. पण त्या दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच संशोधक जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू, हे त्यांना वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या, तेजस्वी रेषांवरून कळलं. त्या रेषा इतक्या ठळक होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पाहिल्या! लॉकियर यांचं नवं उपकरण ऑक्टोबरात हाती आलं आणि 20 तारखेला त्यांनीही घरबसल्या तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली. पुढे फ्रान्सने दोघांच्या चेहऱ्यांचं एकच पदक काढलं.

या निरीक्षणांत एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी, पण त्यांच्यावर न बसणारी. पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या पदार्थाशी ती जुळेना, म्हणून लॉकियर यांनी नवं मूलद्रव्य मानलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. अनेकांना ते पटलं नाही. 1895 मध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्यात तीच पिवळी रेषा दिसली, तेव्हा कुठे वाद मिटला. सत्तावीस वर्षं हे मूलद्रव्य फक्त सूर्यावरच ‘होतं’!

मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर तिथे आले होते, हे पक्कं. पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे नौसैनिक हाताशी घेऊन त्यांनी तिथे लोलक (प्रिझम) लावलेले कॅमेरे आणि दुर्बिणी मांडल्या. कट्ट्यांचा संबंध त्या मोहिमेशी लावणंच मला सयुक्तिक वाटतं. माणूस खरा, गडही खरा, ग्रहण तेवढं बदललं. हेलियमचं नाव ठेवणारा माणूस गडावर येऊन गेल्यावर लोकांच्या तोंडी दोन्ही ग्रहणं एक व्हावीत, यात नवल नाही.

गडावर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. फक्त मुलांना 1898 ही सांगा. त्या दिवशी भर दुपारी विजयदुर्गावर सुमारे दोन मिनिटं काळोख झाला होता. देवगड-गिर्ये भागात कुणाच्या घरी पणजोबांकडून त्या काळोखाची काही आठवण चालत आली असेल, तर मला जरूर लिहून पाठवा.