लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मुख्यालयाच्या आराखड्यात काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून चित्र असं दिसतंय: पुण्यात ६०० जणांचं नवं मुख्यालय, चार मजले, आज तीन भाड्याच्या इमारतींत विखुरलेले विभाग, आणि व्यवस्थापनाची मागणी 'मध्ये मोठं एट्रियम (सगळ्या मजल्यांना उभा जोडणारा, वरून छत असलेला मोकळा चौक), बाकी सगळं ओपन ऑफिस'. नकाशे अजून पक्के झालेले नाहीत ही मोठी जमेची बाजू आहे. ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो त्या फर्निचरची ऑर्डर देईपर्यंत हातातून गेलेल्या असतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. माणसं एकमेकांना भेटतात ती जाता-येता, काहीतरी घ्यायला किंवा करायला निघालेली असताना. 'कोलॅबोरेशन झोन' म्हणून कोपऱ्यात मांडलेले रंगीत सोफे रिकामे राहतात, कारण तिथून कुणाची वाट जात नाही आणि तिथे बसलेला माणूस काम टाळतोय असं साहेबांना वाटेल ही धास्ती असते. त्यामुळे आधी वाटा आखा, मग त्या वाटांवर थांबायला कारण द्या, आणि जागा उरली तर सोफे आणा.

पहिला मुद्दा अंतराचा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास करून १९७७ साली मांडलेला निष्कर्ष आजही टिकून आहे: दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते जवळजवळ तळाला जातं. मजला बदलला की त्याहून वाईट. वरच्या मजल्यावरचा माणूस दुसऱ्या इमारतीत असल्यासारखाच. तुमच्या बाबतीत दरडोई १० चौरस मीटर धरले तर ६,००० चौरस मीटर, म्हणजे मजल्याला १,५००. प्लॉट परवानगी देत असेल तर २,००० चे तीनच मजले करा. एक मजला कमी झाला की न भेटणाऱ्यांची एक फळी कमी होते.

चारच मजले करायचे असतील तर १,५०० चौरस मीटरचा ठोकळा करू नका. बाहेरून ३६ × ५० मीटर आणि मध्ये १२ × २५ चा मोकळा चौक ठेवला तर क्षेत्रफळ बरोबर १,५०० उरतं, चारही बाजू सुमारे १२ मीटर खोल होतात आणि दोन्हीकडून उजेड येतो. खिडकीतून कामापुरता उजेड साधारण सहा मीटर आत पोचतो, म्हणून ही खोली सोयीची. अडचण एकच: चौकाला वळसा घालून समोरच्या टोकाला जायला ६० मीटरच्या आसपास चालावं लागतं. म्हणून चौकाच्या मधोमध, दोन लांब बाजूंना जोडणारा पूल टाका आणि मुख्य जिना त्याच पुलाला लावा. व्यवस्थापनाला हवं असलेलं एट्रियम असं उपयोगाला येईल. नाहीतर ते फक्त पाहुण्यांना दाखवायचं राहतं.

या जिन्यावर पैसे खर्च करा. रुंदी किमान २ मीटर, शक्य असेल तर २.४. पायरीची उंची १५० मिलिमीटर, पाय ठेवायची रुंदी ३००. मजल्यांमधली उंची ४ मीटर असेल तर २७ पायऱ्या होतात, मध्ये एक प्रशस्त थांबा. हा थांबा जिन्याच्या रुंदीपेक्षा किमान मीटरभर जास्त खोल ठेवा, म्हणजे दोघं उभं राहून बोलत असले तरी बाकीच्यांची वाट अडत नाही. मुख्य दारातून आत आलं की लिफ्टच्या आधी जिना दिसला पाहिजे. लिफ्ट काढून टाकायची नाही, ती लागणारी माणसं असतातच, पण ती एक वळण आत असावी.

इथे बहुतेक इमारती अग्निसुरक्षेच्या गाठीत अडकतात. सुटकेचे जिने बंदिस्त असतात, त्यांची दारं जड आणि कायम मिटलेली असावी लागतात. रोजच्या भेटीगाठीसाठी ते निरुपयोगी. मधला उघडा जिना सुटकेच्या हिशेबात धरता येत नाही, तो वेगळा आणि जास्तीचा. शिवाय चार मजले उभे जोडणारी पोकळी म्हणजे धुराला मोकळी वाट. धूर बाहेर काढण्याची यंत्रणा, कडेचे स्प्रिंकलर, गरज पडल्यास उतरणारे आगप्रतिबंधक पडदे हे सगळं पहिल्या आराखड्यातच बसवून घ्या. अग्निसुरक्षेच्या सल्लागाराला उशिरा बोलावलं की शेवटी काय होतं ते ठरलेलं आहे: चौकाभोवती काचेची भिंत आणि जिन्याच्या तोंडाला दार. कल्पना तिथेच संपते.

एट्रियमच्या छताला सपाट पारदर्शक काच नको. पुण्यात मार्च ते मे खालचे लोक डोळ्यांवर हात धरून बसतील आणि वरच्या मजल्याला गरम हवेचा थर साचेल. उत्तरेकडून उजेड घेणारं छत आणि वर हवा निघायला झडपा ठेवा. चौकाच्या कडेला टेबलं लावू नका, आवाज थेट अंगावर येतो. कडेचे चार-पाच मीटर चालण्याच्या वाटेला, चहाच्या जागेला आणि उभं राहून बोलायच्या उंच टेबलांना द्या. बसण्याची रांग त्याच्या मागे.

आता ओपन ऑफिस. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत, भिंती काढण्याआधी आणि नंतर, लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजणी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. कारण समजण्यासारखं आहे. सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस कानात हेडफोन घालतो आणि शेजाऱ्यालाही मेसेज करतो. म्हणून भिंती पाडण्याइतकंच लक्ष मिटणाऱ्या दारांकडे द्या. १५० जणांच्या मजल्यावर मी १० ते १२ एकट्याचे फोन बूथ, सहा ते आठ चौघांच्या खोल्या, दोन आठ जणांच्या आणि एकच मोठी खोली ठेवेन. दहा-बारा जणांच्या खोल्या जास्त केल्या की त्यांत दोघं बसून व्हिडिओ कॉल करतात आणि बाकीचे जागा शोधत फिरतात. चौघांच्या निम्म्या खोल्या बुकिंगविना ठेवा.

बूथ आणि खोल्या निकामी होण्याची कारणं अगदी बारीक असतात. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलं तर शेजारच्या खोलीतलं पगाराचं बोलणं वरून ऐकू येतं. ते वरच्या स्लॅबपर्यंत न्यावं लागतं. दाराखाली सेंटीमीटरभर फट राहिली तर महागडी काच वाया जाते, रबरी सील लावून घ्या. बूथमध्ये हवा खेळती ठेवणारा छोटा पंखा नसेल तर दहा मिनिटांत आतला माणूस घामाघूम होतो, आणि पुढच्या आठवड्यापासून तिथे जुन्या मॉनिटरची खोकी ठेवली जातात.

चहाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त ओळखी तिथेच होतात. टेबलावर चहा आणून देण्याची पद्धत बंद करा. मजल्यावर एकच चहाची जागा, पुलाच्या तोंडाशी, दोन विभागांच्या सीमेवर, २५ ते ३० चौरस मीटरची. प्रत्येक टीमला वेगळी पँट्री दिली तर टीम तिथेच गोळा होते. दिवसभर मशिनची कॉफी असू द्या, पण अकरा आणि चार वाजता उकळलेला ताजा चहा आलाच पाहिजे. मशिनवर माणसं एकेकटी येतात. ठरल्या वेळेचा चहा एका मजल्याला वीस मिनिटं एकत्र आणतो. काउंटरपुढे रांगेसाठी १.२ मीटर आणि त्यामागे जाण्यायेण्यासाठी १.५ मीटर मोकळे हवेत. टेकायला १,०५० मिलिमीटर उंचीची टेबलं ठेवा, खुर्च्या नकोत. उभ्या माणसांच्या घोळक्यात तिसरा सहज सामील होतो. चार खुर्च्या भरल्या की पाचवा निघून जातो. मायक्रोवेव्ह मात्र इथे नको, माशाच्या आमटीचा वास मजलाभर फिरतो आणि तक्रारी सुरू होतात.

मायक्रोवेव्हची जागा जेवणाच्या हॉलमध्ये, आणि त्यांचा हिशेब नीट करा. ६०० जण तीन पंगतींत जेवणार असतील तर एका वेळी २००, दरडोई दीड चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटरचा हॉल. त्यांतले निम्मे घरून डबा आणणारे धरले तर १०० डबे, प्रत्येकी दोन मिनिटं. पाच मायक्रोवेव्ह असतील तर शेवटच्या माणसाचा डबा गरम व्हायला ४० मिनिटं लागतात; तोपर्यंत सोबतचे उठून गेलेले असतात. दहा असतील तर २०. प्रत्येकाला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, तेव्हा हे वीजजोडणीच्या नकाशातच यायला हवं. डबे धुण्याची सिंक निम्म्या वेळा तुंबलेली असतात, म्हणून तळाला सहज निघणारी जाळी आणि पुढे तेलतूप अडवणारा ग्रीस ट्रॅप बसवा. डबा आणणाऱ्यांना वेगळी खोली आणि कँटीनवाल्यांना वेगळा हॉल असं करू नका. एकाच विभागातली माणसं त्यानं वर्षानुवर्षं वेगळी जेवतात. पंगती विभागवार न लावता मजल्यांच्या अर्ध्या-अर्ध्या भागांप्रमाणे लावा. चौघांची टेबलं निम्मी, बाकी दहा-बारा जणांची लांब. आणि संचालकांची जेवणाची खोली काढून टाका. ते त्याच हॉलमध्ये जेवले तर जे होतं ते कुठल्याही डिझाइननं होत नाही.

कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलच्या पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओच्या इमारतीचा दाखला तुम्हाला कुणीतरी देईलच. स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांना तिथे सगळ्यांसाठी मधल्या एट्रियमजवळच स्वच्छतागृहं हवी होती, म्हणजे सगळे एकमेकांना भेटतील. ती कल्पना त्या टोकाला काही गेली नाही, स्वच्छतागृहं इतरत्रही करावी लागली. घ्यायचं ते एवढंच, की कॅफे, टपालाचे खण, बैठकीच्या खोल्या एकाच मधल्या जागेभोवती आणल्या. स्वच्छतागृहांबाबत आपली राष्ट्रीय इमारत संहिता कार्यालयांसाठी पुरुषांमागे २५ ला एक आणि स्त्रियांमागे १५ ला एक शौचकूप मागते; स्वच्छतागृहं चहाच्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवर, पण त्या जागेच्या तोंडासमोर नाहीत, अशी बसवा.

प्रवेशाच्या कार्डांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि पुण्यातल्या आयटी कंपन्यांत हाच मोठा अडसर आहे. परदेशी ग्राहकाच्या अटींमुळे काही टीम कार्ड लावूनच आत जाता येतं अशा बंदिस्त भागात बसतात. तो भाग इमारतीच्या टोकाला ठेवा, आणि पूल, जिना, चहा, छोट्या खोल्या हे सगळं त्या दाराच्या अलीकडे. चहाला जाताना दोनदा कार्ड लावावं लागत असेल तर माणूस बाटली भरून जागेवरच बसतो. इमारतीला रोजचं प्रवेशद्वारही एकच असावं. वाहनतळाच्या तळघरातून लिफ्टनं थेट चौथ्या मजल्यावर जाण्याची सोय दिली की निम्मे लोक चौक पाहतच नाहीत. तळघराची लिफ्ट तळमजल्यावर संपवा. फक्त ज्यांना पायऱ्या आणि चालणं जमत नाही त्यांच्यासाठी एक थेट लिफ्ट हवी.

कोण कुणाशेजारी बसेल हे विभागप्रमुखांच्या मर्जीवर सोडू नका. दोन आठवडे प्रत्येक टीमला एवढंच लिहून ठेवायला सांगा: आज कुणाच्या उत्तरासाठी काम अडलं. त्या यादीत जी नावं वारंवार येतात त्या दोन टीम एका मजल्यावर, एकाच चहाच्या दोन बाजूंना. विक्री आणि सेवा विभाग सहसा असे निघतात. फोनवर सतत बोलणारी टीम मात्र कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारी नको, तिथे भांडणंच होतात. कुणीही कुठेही बसा ही पद्धत आणायची असेल तर टीमला ठरलेला भाग द्या आणि त्या भागातच जागा मोकळ्या ठेवा. घरून काम करणारे असतील तर टीमचे एकत्र येण्याचे दोन वार ठरवा, नाहीतर माणूस तासभर प्रवास करून येतो आणि दिवसभर व्हिडिओवरच बोलतो.

बाहेरचं अंगण करणार असाल तर सुझलॉन या पवनऊर्जा कंपनीचं हडपसरचं मुख्यालय 'वन अर्थ' जाऊन बघा. वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ते बसकं आणि चौकांभोवती पसरलेलं केलं आहे. तुमच्या अंगणात नैऋत्येचा पाऊस तिरका येतो हे लक्षात ठेवा: दीड मीटरचा छज्जा कोरडी जागा देत नाही, तीन मीटर लागतात. बाकं इमारतीच्या पूर्वेच्या आडोशाला ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात दुपारच्या चहाला सावली मिळते आणि पावसातही निम्मी जागा वापरात राहते.

फर्निचरच्या बजेटमधला दहावा हिस्सा अडवून ठेवा. राहायला गेल्यावर तीन महिन्यांनी एक पूर्ण आठवडा अकरा, एक आणि चार वाजता प्रत्येक जागेत किती माणसं आहेत आणि ती किती विभागांतली आहेत, हे कुणालातरी वहीत टिपायला लावा. कॅमेरे किंवा कार्डांची नोंद यासाठी वापरू नका, पाळत ठेवली जातेय असं वाटलं की लोक त्या जागा टाळतात. ज्या जागा तिन्ही वेळा रिकाम्या दिसतील त्यांचे सोफे काढून तिथे दोन बंद खोल्या करा, आणि जिथे गर्दी मावत नाही तिथे राखून ठेवलेल्या पैशातून आणखी एक काउंटर.

नकाशा पक्का करण्याआधी वास्तुविशारदाकडून प्रत्येक मजल्याच्या प्रतीवर चार माणसांचा दिवस रेषेनं काढून घ्या: एक विक्रीतला, एक हिशेबातला, एक बंदिस्त भागातला आणि एक संचालक. दारापासून टेबल, चहा, जेवण, बैठक, परत. या चार रेषा दिवसात कुठेच एकमेकींना छेदत नसतील तर नकाशा परत पाठवा.