१२० हप्त्यांपैकी १५ पौंडांत

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: हॉटेल व्यवस्थापनाची पदवी झाली आहे, तीन वर्षे फ्रंट ऑफिसमध्ये काम केले आहे, पगार ३४,००० रुपये आहे आणि तो पुरत नाही. म्हणून सप्टेंबर २०२६ मध्ये ब्रिटनला जाऊन एक वर्षाची हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी घ्यायची, त्यासाठी आईवडिलांचे घर तारण ठेवून ३२ लाखांचे कर्ज काढायचे आणि तिथल्या पगारातून ते "दोन-तीन वर्षांत" फेडायचे, हे जमेल का?

व्हिसाचे शुल्क, खात्यात दाखवायची रक्कम, आरोग्य अधिभार हे सगळे सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेले आहे; ते मी पुन्हा लिहीत नाही. मी याच विषयाची पदवी २०२०-२१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतली आणि अजूनही इथेच हॉटेलात नोकरी करते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस जुने आकडे डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक विसंगती सांगते, कारण तुमचा सगळा हिशेब तिच्यावर अडतो. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या पातळीपर्यंत वाढवली आणि किमान पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर नेली. त्या फेरबदलात नव्या अर्जदारांसाठी वगळल्या गेलेल्या व्यवसायांत हॉटेल व्यवस्थापक, रेस्टॉरंट व्यवस्थापक आणि शेफ हे तिन्ही आहेत. म्हणजे ज्या कामासाठी विद्यापीठ तुम्हाला पदव्युत्तर पदवी देणार, ते काम सरकारच्या लेखी पदवीच्या पातळीचेसुद्धा नाही. प्रवेश मिळवून देणारे एजंट हे सांगत नाहीत, आणि मला त्याचे आश्चर्यही वाटत नाही. त्यांचे कमिशन प्रवेशावर ठरते, तुमच्या नोकरीवर नाही.

मग उरतो शिक्षणानंतर काही काळ नोकरी करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळेल, आणि तुम्ही त्यातच मोडता. आता कागद घ्या. अभ्यासक्रम सप्टेंबर २०२७ मध्ये संपेल. बँकेने त्यानंतर सहा महिन्यांची सवलत दिली, तर पहिला हप्ता एप्रिल २०२८ चा. निकाल डिसेंबरमध्ये लागला आणि १८ महिने तेव्हापासून धरले, तर तुमचा व्हिसा साधारण जून २०२९ ला संपेल. दहा वर्षांचे, म्हणजे १२० हप्त्यांचे कर्ज धरले, तर त्यांतले जेमतेम १५ हप्ते तुम्ही पौंडांतल्या कमाईतून भराल. उरलेले १०५ रुपयांतल्या पगारातून. शिकत असतानाचे व्याज मुद्दलात मिळून ३२ लाखांचे ३७ लाख होतात आणि ११ टक्के दराने हप्ता ५१,००० रुपयांच्या घरात जातो. तुमचा आजचा पगार ३४,००० आहे. परत आल्यावर तो किती झाला पाहिजे, हे मी सांगायची गरज नाही. आणि तुमच्या हॉटेलात ती पदवी असलेल्या माणसाला किती जास्त मिळतात, हे तुम्ही उद्याच विचारू शकता.

पौंडांतल्या त्या काळाबद्दलही फार मोठी कल्पना नसावी. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे आणि त्यापुढच्या कामगारांचे किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे आणि रिसेप्शनवरची पहिली नोकरी साधारण त्याच्याच आसपास मिळते. आठवड्याला ४० तास धरले, तर कर आणि राष्ट्रीय विमा वजा जाऊन महिन्याला सुमारे १,८८० पौंड हातात येतात. पौंड १२० रुपयांना धरला, तर त्यांतले ४२५ हप्त्याला जातात आणि खोलीचे भाडे त्याच्या कितीतरी पुढे असते. शिकताना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून जेवणखाण निघते, कर्ज नाही. आणि हॉटेलच्या धंद्याची एक खोड तुम्हाला माहीत असेलच: इथे पदवीपेक्षा उभे राहून काढलेली वर्षे मोजतात. माझा पहिला वरिष्ठ सतराव्या वर्षी बारमध्ये ग्लास पुसायला लागला होता. तो उत्तम व्यवस्थापक होता आणि त्याच्यावर एक पैशाचे शैक्षणिक कर्ज नव्हते.

माझे कर्ज २४ लाखांचे होते, दर साडेदहा टक्के. सप्टेंबर २०२० मध्ये मी आले, नोव्हेंबरमध्ये हॉटेले बंद झाली, जानेवारीत पुन्हा बंद झाली आणि पर्यटकांसाठी उघडली ती १७ मे २०२१ ला. ज्या अर्धवेळ नोकरीवर माझा सगळा अंदाज उभा होता ती नोकरीच नव्हती, आणि १८,००० पौंड फीचे तास मी भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर काढले. पहिला हप्ता येईपर्यंत २४ लाखांचे साडेसत्तावीस लाख झाले होते. एप्रिल २०२२ पासून या मार्चपर्यंत मी ४८ हप्ते भरले. व्याजदरांतली चढउतार वगळून ढोबळ हिशेब सांगते: भरले १७ लाख ८० हजार, आणि मुद्दल कमी झाली सुमारे पावणेआठ लाखांनी. बाकीचे दहा लाख व्याजात गेले. हा हिशेब मी दर वर्षी मांडते आणि दर वर्षी मला वाटते की बेरीज चुकली आहे.

इथे एक कागदोपत्री गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सवलतीचे सहा महिने अभ्यासक्रम संपल्यापासून मोजतात. माझ्या विद्यापीठात परीक्षा मंडळाची बैठक नोव्हेंबरमध्ये झाली आणि निकालपत्र डिसेंबरमध्ये आले. बँकेने मात्र प्रवेशपत्रावर छापलेला सप्टेंबर महिना धरला. मी विद्यापीठाचे पत्र जोडून ११ ईमेल केले. प्रत्येक उत्तर वेगळ्या अधिकाऱ्याचे होते आणि प्रत्येकाने तेच पत्र पुन्हा मागितले. शेवटी वडील स्वतः शाखेत जाऊन तीन तास बसले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की यंत्रणेत एकदा गेलेली तारीख बदलता येत नाही. तेव्हा मंजुरीपत्रावर ती तारीख कशावरून धरली जाईल, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

मला प्रायोजकत्व (कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारी मालकाची हमी) मिळाले ते डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर जाण्याच्या चार महिने आधी. मालकाने माझा पगार बरोबर २६,२०० केला, एक पौंडही वर नाही, आणि मला ड्यूटी मॅनेजर केले. करारात ४० तास होते, प्रत्यक्षात ५३ भरत. एका पहाटे नाइट ऑडिटचे, म्हणजे दिवसभराचा हिशेब रात्री मिटवण्याचे, कागद छापून होईपर्यंत मी एका कागदाच्या मागे भागाकार केला: तासाला साडेनऊ पौंड. तेव्हाचे किमान वेतन १०.४२ होते. ज्या मुलांच्या पाळ्या मी लावत होते ती सगळी माझ्यापेक्षा जास्त कमावत होती. मी तो कागद फाडला आणि तक्रार केली नाही, कारण व्हिसा त्याच मालकाच्या हातात होता. ही माझी हुशारी नव्हती; भीती होती. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याचा हक्क मिळण्याआधीची मुदत पाचाऐवजी दहा वर्षे करण्याचा विचार सरकारने मांडल्यापासून ती भीती लांबली आहे, एवढेच.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. रात्रपाळी असली की दिवसा झोप येते आणि झोपेतून उरलेल्या वेळात कपडे धुवायचे असतात. त्याची काळजी करू नका.

काळजी करायचीच असेल, तर तारणाची करा. तुम्ही लिहिले आहे की "घरच्यांची हरकत नाही". माझ्या घरच्यांचीही नव्हती. २०२० मध्ये आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो, आईवडिलांनी सह्या केल्या, आणि माझी धाकटी बहीण पेन पुढे करत होती. तिला कोणी काही विचारले नाही, मीही नाही. २०२३ मध्ये तिला फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. रक्कम साडेसात लाखांच्या वर गेल्यामुळे बँकेने तारण मागितले, आणि घराचे मूळ कागद माझ्या कर्जापोटी आधीच बँकेच्या तिजोरीत होते. ती आज एका दवाखान्यात नोकरी करते. तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलेले नाही. मी तिचे पैसे देऊ शकले असते का, याचा हिशेबही मी मांडून पाहिला आहे: तेव्हा हातात येत होते १,८०० पौंड, आणि हप्ता ठरलेला होता.

माझे मत विचाराल, तर ही पदवी या वर्षी, या रकमेच्या कर्जावर घेऊ नका. तुमच्या हॉटेलातच महसूल (खोल्यांचे दर ठरवणाऱ्या) किंवा लेखा विभागात जाता येत असेल, तर आधी तिकडे जा. ते अनुभव देशाबाहेरही मोजले जातात आणि त्यासाठी घर गहाण पडत नाही. तरीही जायचेच ठरवले, तर ज्या रकमेला घर तारण लागणार नाही तेवढ्यातच भागते का, ते पाहा.

तुमच्या बहिणीचे बारावीचे वर्ष आहे, असे तुम्ही शेवटी ओझरते लिहिले आहे. सही करण्याआधी तिला समोर बसवून विचारा की तिला पुढे काय शिकायचे आहे आणि त्याला किती खर्च येईल. माझी बहीण दर एप्रिलला बँकेचे वार्षिक विवरण मला फोटो काढून पाठवते, कारण वडिलांना ते ॲपवर उघडता येत नाही. या वर्षीही पाठवले आहे. मी त्याला "मिळाले" एवढेच उत्तर दिले.