पंपावरच कर भरतो, मग इंधनाचा वेगळा परवाना कशाला?

तुमच्या मेव्हण्यांनी न्यू जर्सीत ट्रक घेतलाय, पेनसिल्व्हेनिया-ओहायोपर्यंत माल नेतात, आणि डिझेलवरचा कर पंपावरच कापला जातो तर हा ‘इफ्टा’ (राज्याराज्यांमधल्या इंधन-कर कराराचा) परवाना पुन्हा कशासाठी, असा तुमचा प्रश्न.

मी इथल्या एका छोट्या वाहतूक कंपनीचे हिशेब बघते. मूळची कोल्हापूरची. कर्नाटकात डिझेल स्वस्त म्हणून कागल ओलांडून निपाणीकडे टाकी फुल्ल करणारे ट्रकवाले लहानपणापासून पाहिलेत. आपल्याकडे जिथे भरलं तिथल्या राज्याला कर, विषय संपला. इथे ती युक्ती चालत नाही, कारण राज्याचा कर जातो ज्याचा रस्ता वापरला त्याला.

समजा गाडी गॅलनला 6 मैल देते आणि पेनसिल्व्हेनियात 600 मैल धावली. म्हणजे तिथे 100 गॅलन जळलं. डिझेल सगळं न्यू जर्सीत भरलेलं असलं तरी त्या 100 गॅलनचा कर पेनसिल्व्हेनियाचा, आणि तिथला दर जास्त. न्यू जर्सीत भरलेला कर वजा होतो, फरक तुम्ही द्यायचा. अमेरिकेची सलग 48 राज्यं आणि कॅनडाचे 10 प्रांत यात आहेत. पण रिटर्न एकच, आपल्या राज्यात, दर तिमाहीला. वाटणी ते आपसात करतात.

आता परवाना लागतो का, ते ॲक्सल (चाकांचे आस) आणि मालासकटच्या कमाल वजनावर. तीन किंवा जास्त ॲक्सल असतील तर वजन काहीही असो, लागतोच. दोन ॲक्सल असतील तर 26,000 पौंडांपेक्षा जास्त हवं. नीट वाचा: ‘पेक्षा जास्त’. बरोबर 26,000 चा बॉक्स ट्रक सुटतो, म्हणूनच बाजारात 25,999 आणि 26,000 चे इतके ट्रक दिसतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर वजनाची पट्टी असते, ती बघा. पण नोंदणीच्या कागदावर जास्त वजन लिहिलं असेल तर तेही धरतात. मागे ट्रेलर जोडून दोघांचं मिळून 26,000 ओलांडलं, तरीही परवाना लागतो. राज्याबाहेर कधी जातच नसाल तर मात्र हा परवाना नको. क्वचित एखादी फेरी असेल तर त्या राज्याचा काही दिवसांपुरता ट्रिप परमिट मिळतो.

परवान्याची प्रत केबिनमध्ये, आणि स्टिकर केबिनच्या बाहेरून दोन्ही बाजूंना. स्टिकर दरवर्षी नवे.

खरा त्रास पावत्यांचा. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या एका ड्रायव्हरने सगळ्या पावत्या डॅशबोर्डवर ठेवल्या. थर्मल कागद, माझ्या हातात आल्या तेव्हा पांढऱ्याफटक. पावती नाही तर भरलेल्या कराची वजावट नाही. नोंदी अपुऱ्या असतील तर तपासनीस तुमचं मायलेज गॅलनला 4 मैलांवर आणून ठेवू शकतो, म्हणजे कागदावर तुम्ही दीडपट डिझेल जाळलं! तेव्हापासून पंपावरून हलायच्या आधी फोटो, हा आमचा नियम. नोंदी चार वर्षं जपाव्या लागतात.

रिटर्नच्या तारखा 30 एप्रिल, 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी. चुकलात तर 50 डॉलर किंवा देण्याच्या 10 टक्के, जे जास्त असेल ते. आणि परवाना घेतल्यावर गाडी तीन महिने दारात उभी राहिली, तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं.