अमेरिकेच्या यादवी युद्धात साध्या शिपायाचा छावणीतला दिवस कसा जात असे?

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन कोल्हापुरात स्थायिक झालो आहे आणि १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेची राज्ये आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये यांच्यात झालेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी बरीच वर्षे वाचत आलो आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर मी शिपायाच्या नजरेने देतो.

लढाईचे दिवस मोजके असत. बाकी सारा काळ छावणीत जाई. पहाटे बिगूल, मग हजेरी, त्यानंतर दिवसातून अनेकदा कवायत आणि मधल्या वेळात लाकूडफाटा, पाणी, पहारा. मोहिमेवर असताना उत्तरेचा शिपाई अर्धा तंबू पाठीवर वाही आणि रात्री दोघे आपापले अर्धे बटणांनी जोडून त्याखाली झोपत. हिवाळ्यात मात्र ओंडक्यांच्या झोपड्या उभारल्या जात. उत्तरेच्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता, तर कृष्णवर्णीय शिपायाला १८६४ पर्यंत १० डॉलर मिळत आणि त्यातूनही कपड्यांसाठी ३ डॉलर कापले जात, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

शिधा म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि ‘हार्डटॅक’ नावाचे पीठ-पाण्याचे बिस्किट. ते इतके कडक असे की बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवावे लागे, आणि त्यात अळ्या असल्या तर त्या कॉफीवर तरंगू लागत. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखल्यामुळे तिकडच्या शिपायांना कॉफी दुर्मीळ झाली, पण तंबाखू मुबलक होती. म्हणून व्हर्जिनियातील रॅपहॅनॉक नदीच्या दोन्ही तीरांवरील, एकमेकांविरुद्धच्या सैन्यांचे पहारेकरी छोट्या होड्या सोडून कॉफी-तंबाखूची अदलाबदल करीत.

छावणीतला खरा शत्रू मात्र रोग होता. मृत सैनिकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आजाराने गेले. खेड्यांतून आलेल्या, पूर्वी गोवर न झालेल्या तरुणांना तो झपाट्याने गाठी. पुढे हगवण आणि विषमज्वर. शौचाचे चर उथळ असत, कित्येक जण तेवढेही चालत जात नसत, आणि तीच घाण पिण्याच्या पाण्यात उतरे. २०१९ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या काठी पाणी उकळून पिण्याची धडपड ज्यांनी केली, त्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. उत्तरेच्या शिपायांच्या आरोग्यासाठी १८६१ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशन या संस्थेचे निरीक्षक छावण्यांची पाहणी करून स्वच्छतेचा आग्रह धरीत, परंतु माझ्या मते खोल चर खणणे आणि त्यावर रोज माती टाकणे हे काम कंपनीचा अधिकारी स्वतः उभा राहून करून घेई, तिथेच टिकत असणार.