वाचकांचे प्रश्न : गरिबांना मदत, पण अटींवर

प्रश्न : अमेरिकेतले पुराणमतवादी गरिबांच्या सरकारी मदतीला सरसकट विरोध करतात का?

उत्तर : सरसकट नाही. त्यांचा राग काम न करता मिळणाऱ्या रोख मदतीवर; गरजू ओळखावा तो स्थानिक चर्चनं, धर्मादाय संस्थेनं, असं ते म्हणतात. रोख मदतीला कामाची अट घालणारा १९९६ चा कायदा रिपब्लिकन बहुमतानं रेटला, सही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची. केंद्राच्या पैशातून रोख मदत आयुष्यात फार तर ६० महिने. आठवड्याला साधारण ३० तास काम, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या एकट्या पालकाला २०. गोची निधीत झाली. केंद्राकडून राज्यांना मिळणारं ठोक अनुदान वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरवर गोठलं, महागाईनं ते कुरतडलं, वर राज्यांनी पैसा भलतीकडेच वळवला. त्यापेक्षा १९७५ पासूनची, कमी उत्पन्नाच्या कमावत्यालाच मिळणारी करसवलत सरस. मात्र बेकार तिथंही कोरडाच राहतो.